‘ते’ म्हणजे कोण? : डेव्ह मस्टेन यांना खुलं पत्र

श्री. डेव्ह मस्टेन यांस,


२३ जानेवारीला, शुक्रवारी, तुमच्या मेगाडेथ या बँडचा शेवटचा अल्बम आला. त्या रात्री पुण्यात एका मित्राच्या खोलीवर आम्ही चौघं जमलो होतो. चौघंही चाळिशी ओलांडलेले, कॉलेजपासून एकत्र मेटल ऐकणारे. अल्बमला तुम्ही बँडचंच नाव दिलंय, हे वाचून सगळ्यांनाच जरा भरून आलं. मग गाण्यांची नावं वाचली. ‘पपेट परेड’, ‘ओबे द कॉल’, ‘आय ॲम वॉर’. पहिलं गाणं लागायच्या आतच भांडण जुंपलं.

“झालं, पुन्हा कटकारस्थानं,” एक म्हणाला. हा आमच्यातला ड्रमवाला. दुसरा त्याच्यावर उखडलाच. “अरे, आधी ऐक तरी! तू गिटार ऐकायला आलायस की भाषण?” ड्रमवाला म्हणाला, भाषण मस्टेननंच सुरू केलं, मी नाही. दुसऱ्याचं म्हणणं, कलावंताची मतं बाजूला ठेवायची आणि कला घ्यायची; नाहीतर उद्या नामदेव ढसाळांनी शिवसेनेच्या ‘सामना’त सदर लिहिलं म्हणून त्यांचा ‘गोलपिठा’ फेकून देशील का? यावर ड्रमवाल्याकडे उत्तर नव्हतं, पण तो ऐकेनाही. चौथा मित्र भिंतीला टेकून गप्प बसला होता. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, कारण हे पत्र बरंचसं त्याच्यामुळे लिहिलं जातंय.

मी मराठीत लिहितोय, कारण तुमच्या गाण्यांवर आम्ही जे भांडलो, हसलो, रडलो ते सगळं मराठीतच. इंग्रजीत तुम्हाला लिहिणारे पुष्कळ आहेत.

“राजकारण आणू नका, नुसतं वाजवा,” असं तुम्हाला मी सांगणार नाही. तुमच्या बँडचं नावच राजकारणातून आलंय. १९८३ च्या एप्रिलमध्ये तुमच्या तेव्हाच्या बँडनं, मेटॅलिकानं, तुम्हाला न्यूयॉर्कमध्ये बाहेर काढलं आणि कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवून दिलं. चार दिवसांचा प्रवास. त्या प्रवासात तुमच्या हाती सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांचं एक पत्रक पडलं. क्रॅन्स्टन अण्वस्त्रांविरुद्ध बोलणारे डेमोक्रॅट पुढारी. १९८४ च्या अध्यक्षपदासाठी ते त्याच मुद्द्यावर उभे राहू पाहत होते. त्या पत्रकात ‘मेगाडेथ’ हा शब्द होता. दहा लाख मृत्यू म्हणजे एक मेगाडेथ. अणुयुद्धात किती माणसं मरतील याचा हिशेब मांडणाऱ्यांनी तयार केलेलं हे माप. तुम्ही स्पेलिंगमधला एक ‘ए’ गाळलात आणि ते माप बँडच्या कपाळावर लिहिलंत. त्याच बसमध्ये लिहायला घेतलेलं गाणं पुढे ‘सेट द वर्ल्ड अफायर’ झालं. खिशात पैसे नाहीत, बँड गेलेला, आणि एका पुढाऱ्याच्या पत्रकावर नजर खिळलेला एकवीस वर्षांचा पोरगा. मला तुमचं हे चित्र फार जवळचं वाटतं. तेव्हा राजकारण तुमच्या गाण्यात उपरं नाही.

माझी आणि तुमच्या गाण्यांची ओळख कशी झाली, ते सांगायला हवं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरची कापसाची शेती. १९९८ च्या सुमारास मी नववीत होतो. थोरला भाऊ नागपूरला शिकायला होता. सुटीत येताना त्यानं सीताबर्डीवरून ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ची कॅसेट आणली. त्या वर्षी आमच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला होता. बोंडअळीनं कापूस खाल्ला, आणि एका बँकेची नोटीस घरात देवळीत, देवाच्या फोटोमागे ठेवलेली. बाबा ती वाचत नसत आणि फेकतही नसत. वसुलीची जीप गावात शिरली की आई गोठ्याकडे जाऊन उभी राही.

कॅसेटच्या कागदावर गाण्यांचे शब्द छापलेले होते. ‘फोरक्लोजर ऑफ अ ड्रीम’. पहिला शब्द मला येत नव्हता. भावाच्या डिक्शनरीत बघितला. गहाण टाकलेली मालमत्ता सोडवून घ्यायचा हक्क संपणे. मी भावाला म्हटलं, “म्हणजे जप्ती.” तो म्हणाला, “हो, जप्तीच.” आणि आम्ही दोघांनीही देवळीकडे बघितलं.

ते गाणं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तुमचे बासवादक डेव्हिड एलेफसन मिनेसोटातल्या शेतावर वाढलेले. १९८० च्या दशकात तिथे कर्जापायी शेतं हातची जाऊ लागली, त्यातून ते गाणं आलं. मधे थोरल्या बुश यांचा आवाज येतो, १९८८ च्या भाषणातला, नवे कर लावणार नाही म्हणून दिलेल्या वचनाचा. दोन वर्षांत ते वचन मोडलं. यातलं काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की या गाण्यात एक माणूस आहे आणि त्याच्या घरातही नोटीस आलेली आहे. मिनेसोटाचा मका आणि यवतमाळचा कापूस यांच्यात तेवढं एक नातं पुरलं. बुश कोणत्या पक्षाचे, तुम्ही कोणत्या बाजूचे, हे प्रश्न मला पडलेही नाहीत.

आमच्याकडे अण्णा भाऊ साठे नावाचे शाहीर होऊन गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घराघरांत गेली. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको. ताटातुटीचं गाणं. ती ताटातूट ऐकता ऐकता माणसाला बेळगाव, कारवार बाहेर राहिल्याचं दुःख समजतं. भाषावार प्रांतरचना हा शब्द ज्यानं कधी ऐकला नाही, त्यालाही. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते; ऐकणारे सगळे कम्युनिस्ट नव्हते. तरी गाणं सगळ्यांचं झालं, कारण त्यात आधी माणूस होता.

‘पीस सेल्स... बट हूज बाइंग?’ या तुमच्या १९८६ च्या अल्बममध्ये मला हेच सापडतं. मुखपृष्ठावर एड रेप्कांनी काढलेलं संयुक्त राष्ट्रांचं बेचिराख मुख्यालय, आणि समोर ‘विकणे आहे’च्या पाटीला टेकून उभा तुमच्या बँडचा मॅस्कॉट, व्हिक रॅटलहेड. शीर्षकगीत सुरू होतं ते एलेफसन यांच्या बासच्या त्या चालीनं, जी पुढे एमटीव्हीच्या बातम्यांना लागली. त्या गाण्यात एका बहुधा लांब केसांच्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसावर आरोप होतायत. देव मानत नाहीस, कामावर वेळेवर येत नाहीस, बिलं भरत नाहीस, व्यवस्थेला साथ देत नाहीस. तो चिडत नाही. एकेका आरोपाला उलट प्रश्न विचारतो. राजकारण म्हणावं तर खच्चून भरलेलं, पण बोलतोय एक जण, आणि त्याचा आवाज आपल्याला ओळखू येतो. कॉलेजात केस वाढवले म्हणून आमच्या घरी जे जे ऐकून घेतलं, ते सगळं त्या गाण्यात होतं.

त्याच संयुक्त राष्ट्रांवर तुम्ही २००७ मध्ये परत आलात, ‘युनायटेड ॲबॉमिनेशन्स’मध्ये. एकवीस वर्षांचं अंतर. पहिल्या वेळी ती पडकी इमारत पाहून जीव हळहळला होता. दुसऱ्या वेळी ती इमारतच गुन्हेगार ठरली. २००९ च्या ‘एंडगेम’ला नाव मिळालं कटकारस्थानांच्या गोष्टी सांगणारे ॲलेक्स जोन्स यांच्या माहितीपटावरून. गिटार त्या अल्बममध्ये अप्रतिम आहे. ‘हेड क्रशर’ ऐकून मी आजही उठून उभा राहतो. पण शीर्षकगीतात मला ‘पीस सेल्स’मधला तो माणूस कुठे दिसेना. गुप्त कायदे दिसले, छावण्या दिसल्या, आणि एक सर्वव्यापी ‘ते’ दिसले. ‘ते’ पाळत ठेवतात, ‘ते’ पकडून नेतील. ते कोण? नाव नाही, घर नाही, चेहरा नाही.

माझी तक्रार या ‘ते’बद्दल आहे. तुम्ही उजवीकडे गेलात म्हणून नाही. १९९२ मध्ये तुम्ही एमटीव्हीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात माइक घेऊन हिंडलात, नंतर तुमची वाट बदलली. माणसाची मतं बदलतात. तुम्ही मरणाच्या दारातून परत आलात. २०१९ मध्ये घशाचा कर्करोग झाला, त्यातून उठून पुन्हा गायलात. माणसानं आयुष्यात किती वळणं घ्यावीत, हे ठरवणारा मी कोण? उद्या तुम्ही कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर बसलात तरी मी ‘रस्ट इन पीस’ ऐकणार. त्या अल्बमचं नाव म्हणे तुम्ही एका गाडीच्या बंपरवरच्या स्टिकरवरून घेतलंत, अण्वस्त्रं गंजत पडोत अशी इच्छा करणाऱ्या. रस्त्यात पुढे चाललेल्या कुणा अनोळखी माणसाची ती इच्छा तुम्ही उचललीत, हे मला आवडतं.

आता आमच्या चौथ्या मित्राबद्दल.

२०१६ मध्ये ‘डिस्टोपिया’ आला तेव्हाही आम्ही असेच जमलो होतो. पहिलं गाणं ‘द थ्रेट इज रिअल’. सुरुवातीला एका बाईचा आवाज येतो, अरबी वळणाचा, आर्त. जॉर्डनच्या गायिका फरा सिराज यांचा तो आवाज. आमचा हा मित्र मुसलमान आहे. मुंब्र्याचा. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, “काय आवाज आहे रे! लग्नघरात आमच्या बायका रात्री आळवतात ना, तसा.” मग गिटार सुरू झाल्या, आणि त्यानं मोबाइलवर गाण्याचं नाव वाचलं. ‘धोका खरा आहे.’ तो काही बोलला नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, “धोका खरा आहे हे सांगायला आमच्याच घरातला आवाज का लागला?”

आम्ही त्याची समजूत घातली. सुरावट म्हणून घेतली असेल. वातावरणासाठी असेल. फरा सिराज यांनी स्वतः गायलंय ना. तुमचा हेतू काय होता ते मला माहीत नाही, आणि तुमच्या मनात त्याच्याविषयी काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. मी खोलीत जे घडलं ते सांगतोय. त्या गाण्यात धोका म्हणजे नक्की कोण, हे सांगणारा एकही माणूस नव्हता. फक्त ‘ते’ होते. मग ती रिकामी जागा ऐकणाऱ्यानं आपल्या परीनं भरली. कुणी दहशतवादी भरले, कुणी सरकार भरलं. आमच्या मित्राच्या मनात आलं की इथे कुणीतरी मलाच भरणार.

यंदाच्या भांडणात तो गप्प का होता, हे त्या दिवशी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, “तुम्ही दोघं भांडत होतात की मस्टेन बरोबर की चूक. मी विचार करत होतो की या वेळी तरी गाण्यात कुणी माणूस भेटेल का.”

एवढं लिहिलं आहे तर मनात कित्येक वर्षं राहिलेलं दुसरंही लिहितो.

५ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका माणसानं गोळीबार केला. त्या दिवशी सहा शीख मारले गेले. रविवार होता, आत लंगरची तयारी चालली होती. त्याच आठवड्यात सिंगापूरच्या रंगमंचावरून तुम्ही म्हणालात की बंदुकांवर बंदी आणण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ओबामाच या हत्या घडवून आणतायत. ऑरोराच्या सिनेमागृहात गोळीबारानं झालेल्याही आणि गुरुद्वारातल्याही. नंतर तुम्ही सांगितलंत की आपण दुसऱ्या कुणाचं म्हणणं सांगत होतो.

मस्टेनजी, ज्यानं त्या गोळ्या झाडल्या, तो गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या गोष्टी करणारा माणूस होता. आणि तो गिटार वाजवायचा. वर्णद्वेषी बँडमध्ये वाजवायचा, गायचा. आपल्यासारखाच तो ॲम्प्लिफायर आणि डिस्टॉर्शनच्या जगातला होता. इथे नाव होतं, चेहरा होता, त्यानं वाजवलेली गाणी होती. विद्वेष गाण्यांतून कसा पसरतो हे बोलायचा अधिकार जगात ज्या थोड्या लोकांना होता, त्यांतले तुम्ही एक. त्या क्षणी तुम्ही माइकवरून बोट दाखवलंत ते ‘त्यां’च्याकडे. खरा माणूस त्या ‘ते’च्या मागे लपून गेला.

मला याचं इतकं वाईट वाटलं याचं कारण, शब्द माइकवरून सुटले की काय करतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? १९८८ ची अँट्रिमची गोष्ट तुम्हीच अनेकदा सांगितली आहे. उत्तर आयर्लंड. हॉलबाहेर कुणी तुमच्या बँडचे नकली टी-शर्ट विकत होतं. पैसे कशासाठी, तर ‘द कॉज’साठी, म्हणजे ध्येयासाठी, असं तुम्हाला सांगण्यात आलं. त्या शब्दामागे किती रक्त आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. कानाला चांगला वाटला. शेवटचं गाणं तुम्ही त्यालाच अर्पण केलंत. हॉलमधली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं एकमेकांवर तुटून पडली. तुम्हाला तिथून न्यायला बुलेटप्रूफ बस लागली. आणि त्या चुकीतून ‘रस्ट इन पीस’चं पहिलं गाणं, ‘होली वॉर्स’, आलं.

पुण्यात वसतिगृहात असताना एका जुन्या, मान वाकलेल्या गिटारवर मी सहा महिने ते गाणं बसवायचा प्रयत्न केला. उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून, मनगट सैल ठेवून, सगळ्यात जाड तारेवर पिक वरखाली इतक्या वेगानं चालवायची की करंगळीपासून कोपरापर्यंत हात बधिर होतो. ते कसंबसं जमलं. पण वाजवताना गायला तोंड उघडलं की हात थांबायचा. हात एका तालात, जीभ दुसऱ्या तालात. तुम्ही ते दोन्ही एकाच वेळी कसं करता हे मला अजूनही उलगडलेलं नाही. आणि मग मधेच सगळं थांबतं, मार्टी फ्रीडमन यांची साधी, स्पॅनिश वळणाची गिटार येते, भांडणाऱ्या गल्लीत कुणीतरी एकदम खिडकी उघडावी तशी. मार्च २००८ मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते गाणं मी प्रत्यक्ष ऐकलं. पुण्याहून रात्रभर बसनं गेलो होतो. माझ्या एका बाजूला कपाळावर गंध लावलेला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला हाच आमचा मुंब्र्याचा मित्र. धर्मासाठी भाऊ भावाला मारतो हे सांगणाऱ्या गाण्यावर तिघंही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डोकं आपटत होतो. उत्तर आयर्लंडचं गाणं. आम्हाला ते १९९३ च्या दंगलीतल्या मुंबईचं वाटलं; त्या दंगलीच्या वेळी माझा मित्र नऊ वर्षांचा होता. कुणी आम्हाला समजावून सांगायला लागलं नाही.

तिथे ‘ते’ नव्हते. गाण्यात चूक करणारे होते, आणि चूक करणाऱ्यांत गाणाराही होता. म्हणून आम्ही आत शिरू शकलो.

आता तुम्ही निरोपाच्या दौऱ्यावर आहात. कार्यक्रमाच्या शेवटाकडे ‘होली वॉर्स’ वाजवायचा तुमचा रिवाज आहे. त्याआधी माइकपाशी दोन मिनिटं थांबा, एवढीच विनंती. अँट्रिमची गोष्ट सांगा, तो शब्द तुम्हाला माहीत नव्हता हेही सांगा. आणि मग ओक क्रीकचं सांगा. सिंगापूरला बोललेलं चुकलं असं वाटत असेल तर तेही म्हणा. तुमच्या समोर उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांपैकी कितीजणांच्या घरी गिटार आहे, आणि त्यांतल्या कुणाला उद्या कुठला बँड बोलावेल, कोण जाणे. त्यांना कळू दे की त्या रविवारी गुरुद्वारात बंदूक घेऊन शिरलेला माणूस गिटारवाला होता. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहील.

त्या शुक्रवारी रात्री अल्बम संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. ड्रमवाला आणि दुसरा, दोघंही भांडून थकले होते. ‘द लास्ट नोट’ ऐकून खोलीत कुणीच बोलेना. मग आमचा चौथा मित्र उठला, आणि त्यानं ‘रस्ट इन पीस’ लावला. खालच्या मजल्यावरून दार वाजवायला येतील म्हणून आवाज बारीक केला, आणि पहिल्या गाण्याच्या मधला तो स्पॅनिश तुकडा आला तेव्हा परत थोडा वाढवला.

भारतात यायचं ठरलं तर आम्ही चौघंही येऊ. तो माझ्या शेजारीच उभा असेल.

आपला,
एक श्रोता
पुणे